बोटाची वायर

॥ श्री खंडेराव प्रसन्न ॥

इंदिरानगर, नाशिक
६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

सौ. चंद्रकला हिला थोरल्या जावेचा आशीर्वाद. तू बरी असशील. भाऊजींची कंबर उतारावर असेल. गाय व्यायली असं ऐकलं, खरवस काही आला नाही. असो. इकडे आम्ही ठीक. आज कोजागिरी, दूध आटवायला ठेवलंय आणि त्याच्याजवळ बसून लिहितेय. कागदावर डाग दिसले तर ते दुधाचे समज, दुसरे कसले समजू नको.

हे पत्र तुमच्या गावच्या जीपवाल्या कारभारीबरोबर पाठवतेय. मोबाईलवर लिहिलं असतं, पण तुझा मोबाईल तेजूच्या हातात असतो, आधी ती वाचते आणि मग तुला सांगते. फोन केला तर मी ओरडते, तू गप्प बसतेस आणि शेवटी म्हणतेस, "बाई, रेंज गेली वाटतं." कागदाला रेंज लागत नाही. मी चौथी शिकलेली, अक्षर वाकडं आहे, वाचताना त्रास होईल. होऊ दे. तेजूला दाखवायचं नाही.

आधी कामाचं. तेजूचं सामान बांध. दिवाळीच्या सुट्टीला ती घरी येईल, ती तुझ्याकडे परत यायची नाही. नाशिकहून सिन्नरला एसट्या आहेत, पुढे जीप आहे. कितीतरी मास्तरणी रोज जातात-येतात. माझी पोरगी साखरेची नाही विरघळायला. हे तिला तू सांग. मी सांगितलं तर ती ऐकणार नाही, तुझं ऐकते. तेच तर म्हणतेय मी.

आता कारण विचारशील. विचारणार नाहीस म्हणा, तू कधी काही विचारतच नाहीस. पण मी सांगते.

खंडेनवमीला तू सगळ्यांच्या पुढे होतीस. बाजूला उभं राहून मला कसं दिसलं ते ऐक.

खंडेनवमी म्हणजे आमच्या धंद्याचा ऐन दिवस. त्या दिवशी फुलवाला टपरी सोडून मयतालासुद्धा जात नाही. मी टपरी यांच्यावर टाकून तेजूच्या शाळेत आले. आदल्या पहाटे गणेशवाडीच्या बाजारातून झेंडू स्वतः निवडून आणला, केशरी वेगळा, पिवळा वेगळा, मध्ये घालायला शेवंती, आणि दाभण घेऊन बसले. तेजू म्हणाली होती, शाळेला कुठल्या कंपनीनं भिंतीएवढा बोर्ड दिलाय, कॉम्प्युटर जोडला की आतलं सगळं बोर्डावर दिसतं, बोटानं लिहिलं की उमटतं, आणि पाटीपूजनाला यंदा त्याचीच पूजा. मी म्हटलं, पोरीच्या नोकरीतलं पहिलं मोठं काम आहे, बोर्ड भिंतीएवढा तर हारही तेवढा पाहिजे. चारी बाजूंनी चौकटीवरून फिरेल असा केला. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणतो, "मावशी, नवरदेव कुठंय?" मी म्हटलं, "शाळेत उभा केलाय, भिंतीला टेकून."

आल्या आल्या स्टुलावर चढून मी तो बांधला. तेव्हा तू चहाच्या पातेल्याशी होतीस आणि तेजू पाहुण्यांना आणायला फाटकात. बाकीच्या बायका म्हणाल्या, काय शोभा आली! मी तिथंच स्टुलाजवळ थांबले, तेजू आली की बघील म्हणून.

तेजू आली ती कॉम्प्युटर घेऊन, मागे सरपंच, मागे ते केंद्रप्रमुख साहेब. आणि हाक कुणाला मारली? "काकू, ये ना, वायरी धर!" सगळ्या गावासमोर. मी तीन हातांवर उभी होते, चंद्रकला. माझे हात मोकळे होते.

तू पदराला हात पुसत आलीस आणि वायरी अशा घेतल्यास जशी काही जन्मभर तेच करत होतीस. "ही चित्राची, ही बोटाची," असं पुटपुटत होतीस आणि तेजू हसत होती. चपट्या तोंडाची तू बोर्डात घातलीस, चित्र आलं. मग ती दुसरी. म्हणजे घरी तुमचा सराव झाला होता. तुमच्या ओट्यावर जेवणं झाल्यावर दोघी कॉम्प्युटर घेऊन बसत असाल. मला फोनवर काय सांगते? "आई, शाळेत नवीन काही नाही."

पुढचं तुला माहितीच आहे. दुसरीतली ती पोरगी एकाच्या आकड्याला आकडा जोडून पाटीपूजनाची सरस्वती काढायला गेली. ती इकडे एक काढी, रेघ तिकडे कोपऱ्यात उमटे. मग तर कुणी हातच लावला नव्हता तरी बोर्ड आपोआप रेघोट्या ओढायला लागला. पोरं हसली. साहेब म्हणाले, "काय मॅडम, आधी तपासून नाही बघितलं?" तेजूचे कान लाल झाले. लहानपणी ताप चढायच्या आधी व्हायचे तसे. हे तुला माहिती नसेल. एक तरी गोष्ट तुला माहिती नाही.

आणि तेव्हा तिनं वळून माझ्याकडे बघितलं. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. "आई, तो हार..." एवढंच म्हणाली. तू तिचा हात दाबलास. मी बघितलं. पोरगी तिच्या आईशी बोलत होती आणि तू तिला डोळ्यानं गप्प केलंस.

मग काय केलंस? गोड आवाजात, "बाई, इथं दिव्याखाली फुलं सुकतील हो, दाराला जास्त शोभतील," असं म्हणत माझा हार उतरवलास. माझ्या हातानं बांधलेला, पूजा चालू असताना. मग खाली वाकून ती बोटाची वायर उपसलीस, तिच्यावर फुंकर घातलीस, परत घातलीस. बोर्ड सुधारला. "वायर ढिली होती," म्हणालीस. टाळ्या! साहेब तुला म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर इंजिनियर निघालात," आणि माझ्या पोरीला म्हणाले, "मॅडम, वायर नीट बघत जा पुढच्या वेळी." म्हणजे कौतुक तुला आणि बोलणी तिला. माझ्या हाराचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. मी न जेवता निघाले. तेजूच्या लक्षात आलं ते मी सिन्नरच्या स्टँडवर पोचल्यावर.

मी काही हे आजच बघत नाहीये. तेजूच्या मोबाईलवर फोटो लावते ते सगळे तुझ्या चुलीपुढचे. तिच्या पहिल्या पगारात तुला चष्मा आला. मला चष्मा लागलेला नाही, मान्य, पण विचारायला काय जात होतं? इथं आली की म्हणते, "आई, हळू बोल ना, काकूकडे किती शांत असतं." शांत असणारच. तुमच्या घरात आवाज करायला आहेच कोण? तुला काय कळणार, तुला तर

(इथली एक ओळ मी खोडली आहे. उजेडासमोर धरून वाचत बसू नको.)

तेवढं सामान बांध. भाऊजींना नमस्कार.

तेजूची आई,
सिंधू


॥ श्री खंडेराव प्रसन्न ॥

इंदिरानगर, नाशिक
१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

चंद्रकला, आशीर्वाद. तब्येत विचारत नाही. कारभारी म्हणाला, तू धड जेवत नाहीस. जेव.

हे आधी वाच आणि बाकीचं नंतर. तेजूला अजून काही सांगितलं नसशील तर सांगू नको. सांगितलं असशील तर म्हण, थोरल्या बाईचं डोकं फिरलं होतं. तिला लगेच पटेल.

तेजूची बॅग शनिवारी मिळाली. खरं सांगते, मी भांडायच्या तयारीत बसले होते. तू उलटून लिहिशील, भाऊजी फोन करतील, मग मी आणखी चार बोलेन, तूही दोन बोलशील, आणि बोलता बोलता काहीतरी होईल. तू बॅग पाठवलीस! असं कुणी भांडतं का?

कारभारीला मी टपरीवर उभा धरला. "काय म्हणाली वहिनी?"

"काय नाय. थंडीचे कपडे हायेत म्हणे, बाकीचं तेजू येताना आणील. आन् मलाच दम दिला, जीप हळू चालव, आत लोणच्याची बरणी हाये."

"रडत होती का?"

"मला काय माहीत? मी डायव्हर हाये, डॉक्टर नाय."

"नीट सांग!"

"तुमचा हार अजून शाळेच्या दारावर हाये, एवढं सांगतो. पार वाळलाय. पोरांना हात लावू देत नाय चंद्रकलावहिनी, वरडती त्यांच्यावर. तुमच्यासारखी."

त्याला मी एक झेंडूचं फूल फेकून मारलं. पण बॅग लगेच उघडली नाही. रात्रभर ती कॉटखाली होती. सकाळी उघडली. प्रत्येक कपड्याच्या घडीत कडुलिंबाचा पाला. स्वेटरची निघालेली बटणं लावलेली. बरणीला फडकं बांधलेलं, फडक्यावर दोरा, दोऱ्याला गाठ अशी की सुटेल पण सांडणार नाही. परत पाठवायच्या माणसाची बॅग अशी भरत नाहीत. लेकीला नांदायला पाठवताना भरतात. हे म्हणाले, "सिंधू, तू हे काय केलंस?" मी म्हटलं, "फुलांवर पाणी मारा, सुकतायत."

तरी मी तुला लिहिणार नव्हते. काल जे झालं त्यामुळे लिहितेय.

गंगापूर रोडला एका क्लासचं उद्घाटन होतं. माळा, तोरणं सगळी आपल्याकडून. मी स्वतः पोचवायला गेले. आत बघते तर भिंतीवर तसाच बोर्ड. मी सवयीनं स्टूल ओढलं आणि चौकटीला माळ लावायला लागले. तर मागून एक जण ओरडला, "मावशी, मावशी! हार काढा आधी!" शेखर नाव त्याचं, बोर्ड बसवायला आलेला माणूस. शर्टाच्या खिशात चार पेनं आणि कपाळाला आठ्या. मी म्हटलं, "ओरडतोस काय? मी काय खिळा ठोकतेय का?"

"त्यापेक्षा वाईट. ह्या चौकटीच्या आतून उजेड जातो, आपल्याला दिसत नाही तो. मध्ये बोट आलं की उजेड अडतो, मग बोर्डाला कळतं, इथं कुणीतरी हात लावला. तुमची माळ लोंबली की त्याला वाटतं शंभर बोटं लागली. मग तो बसतो रेघोट्या मारत."

माझे हात तसेच वर राहिले, चंद्रकला.

मी विचारलं, "आणि वायर ढिली असली म्हणजे?"

"वायर ढिली असली तर बोटाचं काहीच कळणार नाही. नुसतं चित्र दिसेल. आपोआप रेघा येतात म्हणजे चौकटीत काहीतरी आडवं आलं."

"हे शाळेतल्या बाईंना माहिती असतं का?"

"असायलाच पाहिजे. बोर्ड बसवून निघताना आम्ही पहिलं हेच सांगतो. कडेला काही चिकटवू नका, काही लटकवू नका."

मी स्टुलावरून उतरून खाली बसले. तो घाबरला, पाणी घेऊन आला, म्हणाला, "मावशी, एवढं काही झालं नाही, माळ दाराला लावा." दाराला लावा! तोसुद्धा तेच म्हणाला.

म्हणजे तेजूला माहिती होतं. तुलाही माहिती होतं, तिनंच शिकवलं असणार. "आई, तो हार..." याच्या पुढे ती काय बोलणार होती ते मला काल कळलं. तू तिचा हात का दाबलास ते कळलं. ती वायर कधी ढिली नव्हतीच. तू उपसलीस, फुंकर घातलीस, परत खोचलीस, ते सगळं नाटक. गावानं वायरीकडे बघावं, हाराकडे बघू नये म्हणून. आणि साहेब बोलले तेव्हा माझी पोर खाली मान घालून "हो सर" म्हणाली. लाल कानांनी. तिनं तोंड उघडलं असतं तर सगळे माझ्याकडे वळले असते. "फुलवालीनं घोटाळा केला" म्हणाले असते आणि वर्षभर हसले असते.

आता तुला वाटेल, बाईला कळलं, बाईचं जळणं थांबलं. नाही थांबलं. वाढलंय. तुम्ही दोघी मला न सांगता, एका नजरेत हे सगळं ठरवून मोकळ्या झालात. एवढं एकमेकींचं कळतं तुम्हाला. माझं आणि तेजूचं असं कधी झालेलं नाही. मी एक बोलते, ती दुसरं ऐकते, मग मी तेच मोठ्यानं बोलते. तुमच्या दोघींचं एक गुपित आहे आणि ते मीच आहे, आणि मलाच त्यातून बाहेर ठेवलंत. गंगापूर रोडच्या परक्या माणसाकडून मला कळावं? फोन करून "बाई, तुमच्या हारानं घोटाळा झाला" असं म्हणाली असतीस तर मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता. पण नाही. तुला चांगलं वागायचं असतं. तुझं ते चांगलं वागणं मला लय लागतं, चंद्रे. त्याच्यापुढे मी कायमची वाईट दिसते.

बरं, पुढचं ऐक. मी शेखरला म्हटलं, "मला दाखव जोडून."

"तुम्ही काय करणार शिकून?"

"तुझ्या लग्नात हार कुठं लावायचा नाही ते बघणार."

हसला आणि दाखवलं. चपट्या तोंडाची आधी, एक बाजू कॉम्प्युटरात, एक बोर्डात. मी उलटी धरली होती. जाईना तर जोर लावला, तर तो पुन्हा ओरडला. सरळ केली, गेली. बोर्ड निळाच राहिला. म्हटलं, बिघडला! तर तसं नाही, कुठल्या भोकात वायर घातली ते बोर्डाला रिमोटनं सांगावं लागतं. सांगितलं. चित्र आलं. मी बोट लावलं, काही नाही. चित्र समोर दिसतंय, ढळढळीत, आणि कितीही बोट दाबा, त्याला पत्ताच नाही. मग शेखर म्हणाला, "दुसरी राहिली ना मावशी." दुसरी लावली. पुन्हा बोट टेकवलं आणि रेघ उमटली. एक काढला मी. चौथीनंतर फळ्यावर काही लिहिलं नव्हतं. त्याच्या बाजूला दुसरा एक काढला. पुढची सरस्वती नाही काढली, तिथं काढायची नव्हती मला.

घरी येताना वाटेत मला तेजूचं आठवलं. गणपतीत आली होती तेव्हा म्हणाली होती, "आई, बस ना जरा, तुला गंमत दाखवते," आणि कॉम्प्युटर उघडला होता. मी म्हटलं, "माझ्या मांडीवर दोन टोपल्या फुलं आहेत, गंमत कसली?" तिनं बंद केला. नंतर तिनं ती गंमत तुला दाखवली असणार. तू काम सोडून बसली असशील. मी नसते बसले. मला माहिती आहे मी कशी आहे, तू मान हलवू नको.

ती खोडलेली ओळ. तू वाचली असशील. मी पेन दाबून खोडलं नव्हतं. वाचता येईल एवढंच खोडलं होतं. तू वाचावीस म्हणूनच. तुला लेकरू नाही हे मी तुला कधी तोंडावर बोलले नव्हते, इतक्या वर्षांत कितीही भांडलो तरी, आणि कागदावर बोलले. ते खरंही नाही. काल स्टुलाजवळ बसले होते तेव्हा मला हेच लागलं की ते खरं नाही. तो कागद जाळ. नाहीतर ठेव, पुढच्या भांडणात तुझ्या कामाला येईल. तुला एक तरी हत्यार असू दे.

तर आता ठरलं ते सांगते. तेजू शुक्रवारी सुट्टीला येईल. भाऊबीज झाली की तिला परत पाठवते. तुझ्याकडे. तिथं तिला बरं वाटतं तर तिथंच राहू दे. पण शाळा उघडेल त्या दिवशी मी तिच्याबरोबर येणार आहे आणि त्या बोर्डाच्या वायरी मी लावणार आहे. तू पुढच्या खुर्चीत बसायचंस. चित्राची, बोटाची, दोन्ही मी. चुकले तर तोंडानं सांगायचं, "बाई, चुकलं." तेजूचा हात दाबायचा नाही. तिला जे बोलायचं ते बोलू दे, मी ओरडले तरी बोलू दे. मग ती सरस्वती पुरी काढू, मी वरचे एक काढते, तू खालचे काढ.

दारावरचा वाळलेला हार आता काढ. त्यातली फुलं कुस्कर आणि बी शाळेच्या कुंपणाला टाक. नवा हार आणते, तो दारालाच बांधीन.

बॅग कारभारीबरोबर परत पाठवतेय. पाला तसाच ठेवलाय. लोणचं आम्ही खाल्लं, मीठ जास्त झालंय. बरणीत चिवडा भरलाय, त्यात शेंगदाणे जास्त घातलेत, भाऊजींना आवडतात म्हणून. तेजूचे कपडे मोजलेस तर तिची निळी ओढणी कमी भरेल. हरवलेली नाही. माझ्या उशाशी आहे. तिला विचारू नको, मलाही विचारू नको.

तेजूची थोरली आई,
सिंधू